दिसलं ते, आणि न दिसलं तेही

दूरच्या संगणकाचा पडदा आपल्या संगणकावर उघडून काम करणं आता बँका, रुग्णालयं, कारखाने, सरकारी कार्यालयं, सगळीकडे रोजचं झालं आहे. त्या कामाची चित्रफीत आपोआप तयार व्हावी, ही मागणीही तितकीच रोजची. ऐकायला ती साधी वाटते. ती पुरी करणारा प्रोग्रॅम लिहायला बसलं की मात्र दर पायरीला एक प्रश्न उभा राहतो, आणि त्यातले बरेच प्रश्न नुसत्या तंत्राचे नसतात.

हा संवाद त्या प्रश्नांचा आहे. अनिकेत असा एक रिमोट डेस्कटॉप क्लायंट लिहितो आहे. सुधाताईंची सगळी नोकरी एका सहकारी बँकेचे सर्व्हर सांभाळण्यात गेली. दोघंही कल्पित आहेत. त्यांचे मुद्दे मात्र या व्यवसायात खरोखर मांडले जातात, आणि दोन्ही बाजू नीट ऐकल्याशिवाय असा प्रोग्रॅम कोणी लिहू नये असं मला मनापासून वाटतं.

बदलांची यादी की चित्रफीत?

अनिकेत : ताई, माझी कल्पना सरळ आहे. बँकेच्या सर्व्हरवर बाहेरच्या कंपनीचा माणूस रिमोटने येतो, दोन तास काम करतो आणि जातो. आठवड्याने काही बिघडलं की तो म्हणतो, मी त्या फाइलला हातही लावला नाही. तुम्ही म्हणता, तुझ्याशिवाय कोणी आलंच नव्हतं. चित्रफीत असेल तर हा वाद तिथल्या तिथे मिटतो. म्हणून क्लायंटमध्येच रेकॉर्डिंग हवं, आणि ते प्रत्येक सेशनचं हवं.

सुधाताई : वाद मिटेल की वाढेल, हे ती फीत काय सांगते त्यावर ठरेल. पण आधी मला सांग, हे क्लायंटच्या आत कशाला? पडदा रेकॉर्ड करणारे प्रोग्रॅम आयते मिळतात. त्यातला एखादा लावून द्यायचा.

अनिकेत : तो माणसाचा स्वतःचा सगळा पडदा टिपतो. कोपऱ्यात घरचा व्हॉट्सॲप मेसेज उमटला तर तोही बँकेच्या दप्तरात जमा होतो. उलट रिमोटच्या खिडकीवर दुसरी खिडकी आली, की सर्व्हरवर काय चाललंय ते फितीत येतच नाही. नको ते येतं आणि हवं ते सुटतं. क्लायंटच्या मेमरीत मात्र दूरच्या पडद्याची अख्खी प्रत असते. तिला फ्रेमबफर म्हणतात. तिच्यावरून रेकॉर्ड केलं की फक्त दूरचा पडदा मिळतो, मग इथे त्याच्यावर काहीही झाकलेलं असो. एवढंच पाहायचं की खिडकी मिनिमाइज केल्यावरही क्लायंटने सर्व्हरकडे नवं चित्र मागणं थांबवता कामा नये. काही क्लायंट नेटवर्क वाचवायला तसं थांबतात.

सुधाताई : हे पटलं. आता मला सांग, दुरून येतं काय? व्हिडिओच येतो का?

अनिकेत : नाही. मी व्हीएनसीपासून सुरुवात केली आहे. केंब्रिजच्या ऑलिव्हेटी अँड ओरॅकल रिसर्च लॅबमधलं ते काम. १९९८ मध्ये त्याचा सोर्स कोड खुला झाला, आणि त्यामागचा आरएफबी हा प्रोटोकॉल २०११ मध्ये आरएफसी ६१४३ म्हणून प्रसिद्ध झाला. कोणीही वाचावा आणि क्लायंट लिहावा, इतका तो स्वच्छ आहे. त्यात क्लायंट सर्व्हरला विचारतो, मागच्या वेळेनंतर काय बदललं? सर्व्हर बदललेले आयत पाठवतो : डावीकडून इतकं, वरून इतकं, रुंदी, उंची आणि आत भरायचे पिक्सेल. कधी पिक्सेलही नसतात, नुसती सूचना असते की त्या जागेचा तुकडा उचलून या जागी ठेव. त्याला कॉपीरेक्ट म्हणतात. खिडकी सरकवली की तेच वापरता येतं. पडद्यावर काही हललं नाही तर काहीच येत नाही. सेकंदाला अमुक फ्रेम, असा हिशोब तिथे नाहीच.

सुधाताई : म्हणजे मूळ नोंद ही बदलांची यादी आहे, आणि तू तिच्यापासून चित्रफीत बनवणार. मग ती यादीच का जपत नाहीस? आलेला प्रत्येक संदेश आणि त्याच्यापुढे तो आल्याची वेळ. जे आलं ते जसंच्या तसं राहील. अपाची ग्वाकामोले हे रिमोट डेस्कटॉपचं सॉफ्टवेअर याच वाटेने जातं. ते सेशन चालू असताना चित्र काढण्याच्या सूचना फाइलमध्ये लिहून ठेवतं. व्हिडिओ हवा असेल तर नंतर ग्वाकएन्क नावाच्या वेगळ्या प्रोग्रॅमने तो तयार करायचा. सेशनच्या वेळी प्रोसेसरवर भार नाही, फाइलही लहान.

अनिकेत : भाराचा मुद्दा मोठा आहे, मान्य. १९२० गुणिले १०८० चा पडदा, दर पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे एका फ्रेमचे ८२,९४,४०० बाइट. सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर जवळपास २४९ मेगाबाइट. तासाभराचे सुमारे ८९६ गिगाबाइट. हे सगळं दाबून लहान करायला एन्कोडर राबत असतो, आणि त्याच वेळी माणसाला टाइप केलेलं अक्षर लगेच उमटलेलं दिसायला हवं असतं. पण तुमच्या यादीलाही अडचणी आहेत. आरएफबीच्या झेडआरएलई प्रकारात माहिती दाबून पाठवणारा एकच झेडलिब प्रवाह सगळ्या जोडणीभर चालू असतो. पुढचा तुकडा उलगडायचा तर आधीचे सगळे उलगडावे लागतात. दीड तासाच्या सेशनमधलं ७० वं मिनिट पाहायचं असेल तर पहिल्या मिनिटापासून सुरुवात.

सुधाताई : तो प्रवाह क्लायंट तसाही उलगडतोच. उलगडलेले आयत जप, स्वतःच्या पद्धतीने दाबून ठेव, आणि दर मिनिटाला तुझ्या फ्रेमबफरची एक पूर्ण प्रत फाइलमध्ये घाल. मग हव्या त्या मिनिटापासून सुरुवात करता येईल. सर्व्हरकडे जादा काही मागावंही लागणार नाही.

अनिकेत : करता येईल. पण ती फाइल उघडणार कोण? तुमचे लेखापरीक्षक, पोलीस ठाण्यातला तपास अधिकारी, वकील. त्यांच्याकडे माझा प्लेअर नाही, आणि तो बसवायची परवानगीही नसते. एमपी४ असेल तर ती कुठल्याही फोनवर चालते. शिवाय माझा प्रोग्रॅम उद्या कोणी सांभाळला नाही, तर दहा वर्षांनी तुमची शुद्ध यादी म्हणजे न वाचता येणारे आकडे. ज्या नोंदीला तिच्या मालकावाचून कोणी वाचू शकत नाही, ती नोंद कमकुवतच.

सुधाताई : आणि जी नोंद वाचायला सोपी पण मुळाशी न जुळणारी, तिचं काय? नेहमीच्या एच.२६४ व्हिडिओत उजेड-अंधाराची माहिती प्रत्येक पिक्सेलची ठेवतात, रंगाची मात्र आडव्या आणि उभ्या दोन्ही दिशांना निम्मीच. कॅमेऱ्यातून घेतलेल्या दृश्याला हे चालतं, डोळ्याला कळत नाही. संगणकाच्या पडद्यावर मात्र गडद पार्श्वभूमीवरचा बारीक लाल आकडा फिसकटतो. बँकेत उणे शिल्लक लाल रंगात दाखवतात. तो आकडा ८ की ६, यावरच वाद असेल तर तुझी फीत काय कामाची?

अनिकेत : रंग पूर्ण ठेवणारा ४:४:४ प्रकार आहे.

सुधाताई : आणि तो कुठल्याही फोनवर चालतो?

अनिकेत : नाही, अनेक ठिकाणी चालत नाही. म्हणजे एकाच फाइलकडून दोन कामं होणार नाहीत. मूळ आयतांची नोंद ही अस्सल प्रत, तिच्यापासून केलेली एमपी४ ही पाहण्याची प्रत. शंका आली की अस्सलवरून त्या क्षणाचा, काहीही न गमावलेला फोटो काढायचा. आणि त्या नोंदीची रचना लिखित स्वरूपात फाइलबरोबरच द्यायची, म्हणजे मी नसलो तरी दुसरा कोणी वाचक लिहू शकेल.

घड्याळ, बाण आणि अर्धवट पडदा

सुधाताई : आता पाहण्याच्या प्रतीकडे ये. ती चुकीचं काय काय दाखवू शकते?

अनिकेत : पहिलं, अर्धवट पडदा. सर्व्हरच्या एका संदेशात अनेक आयत असू शकतात. टायमर लावून मी मधल्याच क्षणी फ्रेम उचलली, तर वरची ओळ नवी आणि खालची जुनी असा पडदा टिपला जाईल, जो सर्व्हरवर कधीच नव्हता. म्हणून संदेशातला शेवटचा आयत भरून झाल्यावरच फ्रेम घ्यायची.

सुधाताई : आणि वेळ?

अनिकेत : काही न हलता चार मिनिटं गेली तर फितीतही चार मिनिटंच जायला हवीत. प्रत्येक फ्रेमला ती खरी ज्या वेळी आली तो शिक्का द्यायचा, सरसकट ३० चा भागाकार करायचा नाही. शिक्के कधीही मागे न जाणाऱ्या घड्याळावरून घ्यायचे. संगणकाचं नेहमीचं घड्याळ मध्येच दुरुस्त होऊन दोन सेकंद मागे सरकलं, तर फितीचा क्रम बिघडतो. भिंतीवरची वेळ सुरुवातीला आणि अधूनमधून वेगळी नोंदवायची.

सुधाताई : ते घड्याळ कशाशी जुळवलंय तेही लिही. २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने लॉग १८० दिवस जपायला सांगितलं, आणि घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायलाही. तुझी फीत, सर्व्हरचा लॉग आणि फायरवॉलचा लॉग शेजारी ठेवले तर वेळा जुळल्या पाहिजेत. नाहीतर तीन साक्षीदार तीन गोष्टी सांगतात.

अनिकेत : आणखी एक गोष्ट नवख्याच्या लक्षातच येत नाही. फ्रेमबफर जसाच्या तसा रेकॉर्ड केला तर फितीत माउसचा बाण सहसा दिसत नाही. हालचाल अडखळू नये म्हणून सर्व्हर फक्त बाणाचा आकार पाठवतो, आणि तो काढायचं काम क्लायंट स्वतः करतो. फितीत मग खिडक्या आपोआप उघडतात-मिटतात, कोणी कुठे क्लिक केलं ते कळत नाही. म्हणून प्रत्येक फ्रेमची वेगळी प्रत करून तिच्यावर बाण काढायचा. मूळ फ्रेमबफरवर काढला तर जुन्या बाणांच्या खुणा पडद्यावर उरतात.

सुधाताई : सेशनच्या मध्येच पडद्याचा आकार बदलला तर?

अनिकेत : प्रोटोकॉलमध्ये त्याची सूचना येते, पण व्हिडिओची लांबी-रुंदी सुरुवातीलाच ठरलेली असते. तिथे नवा भाग सुरू करायचा आणि भागांची यादी ठेवायची. चित्र ताणून बसवायचं नाही. आणि शेवटचा धोका एमपी४ चाच आहे. फाइलमध्ये कुठे काय आहे याची सूची साधारणपणे शेवटी लिहिली जाते. वीज गेली आणि प्रोग्रॅम अर्ध्यात बंद पडला, तर दोन तासांची फाइल डिस्कवर असते पण उघडत नाही. म्हणून ती लहान लहान तुकड्यांत लिहायची, किंवा मात्रोस्कासारखा साचा वापरायचा. त्यात जिथवर लिहिलं तिथवर पाहता येतं.

खंड

सुधाताई : आता माझा खरा प्रश्न. एन्कोडर मागे पडला, फ्रेम येतात त्या वेगाने त्याला आवरत नाहीत, तेव्हा तुझा प्रोग्रॅम काय करतो?

अनिकेत : मध्ये एक रांग ठेवली आहे. ती भरली की जुन्या फ्रेम टाकून देतो. पाहणाऱ्याला जाणवतही नाही.

सुधाताई : जाणवत नाही, हाच माझा आक्षेप आहे. मनोरंजनाच्या व्हिडिओत फ्रेम गळली तर बिघडत नाही. इथे त्या अर्ध्या सेकंदात एखादी खिडकी उघडून मिटलेली असू शकते, आणि फीत सांगते की काहीच घडलं नाही. तुझी फीत तिथे गप्प राहिलेली नाही, तिने खोटं सांगितलं आहे. पंचनामा पाहिला असशील तू. त्यात चूक झाली तर कागद बदलत नाहीत. खोडलेल्यावर एक रेघ मारतात, खालचं वाचता येईल असं ठेवतात आणि बाजूला सही करतात. त्या खाडाखोडीमुळे पंचनाम्यावरचा विश्वास कमी होत नाही, वाढतो. तुझ्या फितीत ती सही कुठे आहे?

अनिकेत : म्हणजे प्रत्येक गळलेल्या फ्रेमची नोंद?

सुधाताई : प्रत्येक खंडाची. कधी सुरू झाला, कधी संपला, कशामुळे. नेटवर्क तुटलं, डिस्क भरली, एन्कोडर मागे पडला, माणसाने थांबवलं. अस्सल प्रतीत ही नोंद असलीच पाहिजे, आणि पाहण्याच्या प्रतीत त्या जागी स्पष्ट पाटी आली पाहिजे. आधीचं दृश्य तसंच गोठवून पुढे नेऊ नकोस. पडदा शांत होता की आपण आंधळे होतो, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. रेकॉर्डिंगची निम्मी किंमत हा फरक सांगण्यात आहे.

अनिकेत : यात तांत्रिक अडचण नाही. काही न आलेल्या काळातही दर सेकंदाला एक छोटी नोंद टाकता येईल, की जोडणी जिवंत आहे आणि बदल शून्य. ती नोंद नसेल तर खंड. पण मग दुसरा प्रश्न येतो. डिस्क भरली आणि रेकॉर्डिंग थांबलं, तर सेशन चालू ठेवायचं की तोडायचं?

सुधाताई : बँकेच्या मुख्य सर्व्हरवर असेल तर तोडायचं. नोंद नाही तर प्रवेश नाही.

अनिकेत : हे मला मान्य नाही. रात्री दोन वाजता सर्व्हर बंद पडलाय, सकाळी शाखा उघडायच्या आहेत, एक माणूस जीव तोडून तो उभा करतोय, आणि डेटाबेस अर्धवट दुरुस्त असताना माझा प्रोग्रॅम त्याला बाहेर काढणार? ज्याच्या रक्षणासाठी रेकॉर्डिंग केलं, त्याचंच नुकसान होईल. नोंद कामासाठी असते, काम नोंदीसाठी नसतं.

सुधाताई : आणि ज्याला नोंद नको असेल तो आधी डिस्क भरेल, मग काम करेल.

अनिकेत : मग दोन्ही भीती खऱ्या आहेत. यावर प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने गुपचूप निर्णय घेऊ नये, एवढं मी म्हणेन. यंत्रागणिक तो आधीच ठरलेला असावा, जोडणी करतानाच पडद्यावर दिसावा, आणि डिस्क भरत आली की बऱ्याच आधी इशारा मिळावा. आज माझा प्रोग्रॅम निर्णय घेतोच आहे, रांग भरली की फ्रेम टाकण्याचा. तो निर्णय मी कोणाला विचारून घेतला नव्हता.

सुधाताई : माझं मत मी बदलत नाही. पण ते सेटिंग माझ्या हातात आणि सगळ्यांना दिसेल असं ठेवलंस, तर मला तक्रार नाही.

पडद्यावरची तिसरी माणसं

सुधाताई : तू मघाशी म्हणालास, प्रत्येक सेशनचं रेकॉर्डिंग हवं. त्यात कोण कोण येतं याचा विचार केलास?

अनिकेत : काम करणारा आणि ज्याचा संगणक आहे तो. दोघांनाही दिसेल असा लाल ठिपका ठेवला आहे.

सुधाताई : आणि खातेदार? सर्व्हरवर एक तक्ता उघडला की त्यात शंभर माणसांची नावं, शिल्लक, फोन नंबर. त्यांना तुझा लाल ठिपका दिसत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचं सूत्र असं, की ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम संपलं आणि दुसऱ्या कायद्याने ती जपायला सांगितलं नसेल, तर ती पुसावी. डेटाबेसमधली नोंद पुसता येते. शेकडो तासांच्या चित्रफितीत एका माणसाचं नाव कुठे कुठे झळकलं ते कसं शोधणार? आणि कार्ड व्यवहारांचा पीसीआय डीएसएस हा नियम सांगतो, कार्डामागचा तीन आकडी क्रमांक व्यवहार मंजूर झाल्यावर साठवायचाच नाही. तो पडद्यावर दिसला आणि तू टिपलास, तर साठवलासच.

अनिकेत : ती जागा काळी करणं क्लायंटला जमणार नाही. त्याला फक्त पिक्सेल दिसतात. कुठला पिक्सेल खाते क्रमांकाचा आणि कुठला कॅलेंडरचा, हे त्याला माहीत नसतं. ओळखण्याचा प्रयत्न केला तर तो कधी चुकेल, आणि काळी पट्टी भलत्याच जागी बसेल.

सुधाताई : मग थांबवण्याचं बटण दे. कार्डाचा क्रमांक दिसणार असेल तर माणूस रेकॉर्डिंग थांबवेल, कारण लिहील, आणि पुन्हा सुरू करेल. हाही एक खंडच, फक्त हेतूने केलेला. त्याचीही वेळ, कारण आणि नाव नोंदीत. बघ, खाजगीपणासाठीही आपल्याला खंडच लागतो. खंडांची नोंद ठेवायची शिस्त नसेल तर खाजगीपणा आणि पुरावा एकमेकांचे शत्रू होतात. ती शिस्त असेल तर दोन्ही एका फाइलमध्ये नांदतात.

अनिकेत : आणि कीबोर्ड? क्लायंटकडे प्रत्येक दाबलेली कळ असते. ती नोंदवली तर कोणती कमांड दिली ते अक्षरशः मिळेल.

सुधाताई : पासवर्डसुद्धा अक्षरशः मिळेल. पडद्यावर ते टिंबांत दिसतात, म्हणून चित्रफितीत ते सहसा येत नाहीत. कळांची नोंद केलीस तर तुझी फाइल पासवर्डांची तिजोरी होईल. ग्वाकामोलेमध्येही कळांची नोंद मुद्दाम मागितल्याशिवाय होत नाही. तूही तसंच ठेव.

अनिकेत : आणि फाइल सुरक्षित हवी. जोडणी एसएसएचच्या बोगद्यातून नेली तरी तिकडून आलेलं चित्र इथे डिस्कवर उघडंच पडतं. म्हणून लिहिता लिहिताच ती कुलूपबंद करायची, लेखापरीक्षकाच्या सार्वजनिक किल्लीने. मग रेकॉर्ड करणाऱ्यालाही ती लेखापरीक्षकाशिवाय उघडता येणार नाही, आणि लॅपटॉप चोरीला गेला तरी खातेदार उघडे पडणार नाहीत. ठरलेली मुदत संपली की तिच्या जोडीची खाजगी किल्ली नष्ट करायची. तिच्या सगळ्या प्रती नष्ट झाल्या, तर सगळ्या फिती एकदम निकामी होतात. एका खातेदाराचं नाव शोधून पुसणं जमणार नाही, पण मुदत मात्र खरी पाळता येईल.

कोर्टात काय टिकतं

सुधाताई : आता सगळ्यात अवघड गोष्ट. ज्याच्यावर नजर ठेवायची, त्याच्याच हातात कॅमेरा दिल्यासारखं आहे हे. क्लायंट त्याच्या संगणकावर चालतो. तो बदललेला क्लायंट चालवू शकतो.

अनिकेत : खरं आहे. बाहेरच्या माणसावर देखरेख ठेवायची असेल, तर रेकॉर्डिंग मधल्या गेटवेवर झालं पाहिजे. ग्वाकामोले असंच मध्ये बसतं. क्लायंटमधली फीत ही पाहणाऱ्याची साक्ष आहे : माझ्यापर्यंत हे चित्र आलं, या वेळी आलं. सर्व्हरवर खरोखर काय घडलं, हे तिथल्या लॉगने सांगायचं. क्लायंटची फीत सर्वात उपयोगी पडते ती काम करणाऱ्यालाच, खोट्या आरोपापासून वाचायला, नव्या माणसाला शिकवायला, आणि रात्री नेमकं काय केलं ते सकाळी आठवायला. ती हेरगिरीचं साधन म्हणून मला लिहायचीच नाही.

सुधाताई : मग तसं स्पष्ट लिही, कागदपत्रांत आणि पहिल्या पडद्यावरही. आणि ज्याला स्वतःला वाचवायचंय, त्याची फीत उभी राहील अशी बनव. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीचा खटला माहीत आहे ना? अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीत आला की नंतर, हा वाद. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं व्हिडिओ चित्रण होतं. पण प्रकरण अडलं ते त्या चित्रणाच्या प्रतीसोबत लागणाऱ्या प्रमाणपत्रावर. अधिकाऱ्यांकडून ते मिळालं नाही. १४ जुलै २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने नियम पक्का केला : मूळ उपकरणच कोर्टात आणलं तर प्रमाणपत्र नको, प्रत आणली तर ते हवं. त्या खटल्यात अर्जदाराने आपल्या परीने सगळे प्रयत्न केले होते, म्हणून त्याला सवलत मिळाली. नियम मात्र राहिला.

अनिकेत : आता तो भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आला आहे, १ जुलै २०२४ पासून. त्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला ठसा, तोही लिहावा लागतो. त्याची तयारी प्रोग्रॅममध्येच करता येईल. मिनिटाभराच्या प्रत्येक तुकड्याचा एसएचए-२५६ हॅश काढायचा आणि पुढच्या तुकड्याच्या सुरुवातीला लिहायचा. मधला तुकडा कोणी बदलला तर साखळी तिथे तुटते.

सुधाताई : साखळी बनवणाराच ती पुन्हा बनवू शकतो.

अनिकेत : म्हणून प्रत्येक हॅश सेशन चालू असतानाच दुसऱ्या यंत्रावर पाठवायचा, ज्याच्यावर काम करणाऱ्याचा ताबा नाही. फीत त्याच्याकडे, ठसे तुमच्याकडे. खातेदाराची माहिती बाहेर जात नाही आणि फीत मागाहून बदलली तर ते लपत नाही. इतकं करूनही ती एक साक्ष आहे, निकाल नाही, हे मी मानतो.

सुधाताई : मग आता कामाला कुठून लागणार?

अनिकेत : मी चित्रापासून सुरुवात करणार होतो. आता क्रम उलटा करतो. आधी नोंदीचा साचा, त्यात वेळ आणि खंड. मग आयत. मग हॅश आणि कुलूप. व्हिडिओ सर्वात शेवटी. आणि चाचणी अशी : दूरच्या पडद्यावर सेकंद दाखवणारं घड्याळ चालू ठेवायचं, आणि इकडे एकेक आघात करायचा. नेटवर्कची केबल उपटायची. डिस्क भरायची. खिडकी मिनिमाइज करायची. पडद्याचा आकार बदलायचा. प्रोग्रॅम मध्येच मारून टाकायचा. मग या सगळ्यात हजर नसलेल्या माणसाला फक्त फाइल द्यायची आणि विचारायचं, कुठल्या वेळी काय दिसलं नाही आणि का?

सुधाताई : त्याने ती वेळ बरोबर सांगितली तर?

अनिकेत : तर त्या फाइलवर विश्वास ठेवा. चित्र स्वच्छ आलं, बाण नीट दिसला, फाइल फोनवर चालली, एवढ्यावर मी प्रोग्रॅम पूर्ण झाला म्हणणार नाही. जे सुटलं त्याचा हिशोब तो स्वतः देईल, तेव्हाच मी तो दुसऱ्याच्या हातात देईन.